वादळाआधीचे दोन दिवस: खाडीकाठच्या गावाने नेमकं काय करायचं

सरपंचताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाव दापोली तालुक्यातलं, खाडीच्या मुखाशी. पाच वाड्या आणि कोळीवाडा धरून सतराशेच्या आसपास वस्ती. २०२० साली 'निसर्ग' चक्रीवादळात बऱ्याच घरांची छपरं गेली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा तुम्ही सरपंच नव्हतात, आता आहात. आपत्ती व्यवस्थापनाची पुस्तिका तुमच्या हातात आहे. तिच्यात टॉर्च, मेणबत्त्या, रेडिओ, कोरडा खाऊ अशी यादी आहे. पण पुढचं वादळ निघालं असं कळल्यापासून गावाने कधी काय करायचं, ते तिच्यात नाही. आणि वादळ आलंच नाही तर पुढच्या खेपेला लोक ऐकतील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

पुस्तिकेतली यादी चुकीची नाही. पण ती वस्तूंची आहे, आणि मी पाहिलेली गावं वस्तूंवाचून अडली नाहीत. ती अडली 'हे कोणी करायचं होतं?' या प्रश्नावर. वीस-बावीस वर्षं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांबरोबर हेच काम करतोय, त्यावरून सांगतो: तुमची यादी नावांची हवी. कोणाला हलवायचं त्याचं नाव, त्याच्यासमोर हलवणाऱ्याचं नाव, त्याच्यासमोर वेळ. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल एवढा एक कागद.

आता वेळेचं बघू, कारण तिथेच सगळ्यांची फसगत होते. 'निसर्ग' १ जूनला सकाळी अरबी समुद्रात कमी दाबाच्या तीव्र पट्ट्याच्या रूपात होतं. त्याला नाव मिळालं २ जूनच्या दुपारी. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. म्हणजे नाव पडल्यापासून पुरते सव्वा दिवससुद्धा नव्हते. बंगालच्या उपसागरातलं वादळ पुष्कळदा अंदमानच्या बाजूने निघून चार-पाच दिवस चालत येतं. आपल्याकडे ते दारातच उभं राहू शकतं. त्यामुळे 'नाव पडलं की तयारीला लागू' असं ठरवलंत तर उशीर झालेला असेल. आपल्या किनाऱ्यासमोर कमी दाबाचा पट्टा तीव्र होतोय असं हवामान खात्याने म्हटलं, त्या दिवशी सकाळी तुमचा कागद भिंतीवरून उतरला पाहिजे.

त्यातही दोन दिवस म्हणजे कामाचे दोन दिवस नव्हेत. वादळ दुपारी धडकणार असेल तर पहाटेपासूनच वारा आणि पाऊस असा असतो की माणसाने शिडीवर चढू नये, होडीत बसू नये, म्हाताऱ्या माणसाला घेऊन पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरू नये. आदली रात्र अंधाराची. म्हणजे खरा हातात असतो तो आदल्या दिवशीचा उजेड. मी गावांना एकच हिशोब शिकवतो: धडकेची वेळ घ्या, तिच्याआधीचा सूर्यास्त पकडा आणि तिथून मागे मोजत या. त्या सूर्यास्ताला शेवटचं माणूस निवाऱ्यात असलं पाहिजे. दुपारी बारापर्यंत होड्या बांधून झालेल्या, छपरावरची माणसं खाली उतरलेली. त्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरून झालेलं, गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण तालुक्याला गेलेले. 'निसर्ग'ला हे लावून पाहा: सूर्यास्त २ जूनचा, म्हणजे गरोदर बाई १ जूनला गावातून निघायला हवी होती. तेव्हा वादळाला नावही नव्हतं.

इशारे कसे वाचायचे ते सांगतो, पण फार खोलात जात नाही. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे रंग देतं. बंदरात बावटा लागतो: १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, ३ आणि ४ म्हणजे बंदराला सावधगिरीचा इशारा, ५ ते ७ धोका, ८ ते १० मोठा धोका, आणि ११ म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. कोळीवाड्यातल्या कोणत्याही तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्याला, हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, तेव्हा त्याला विचारा. गोंधळ होतो तो ठिकाणाचा. 'निसर्ग'च्या सुरुवातीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण एवढा पट्टा होता, अलिबागच्या जवळपास धडक असं म्हटलं होतं. लोकांनी ऐकलं 'अलिबाग', वाहिन्यांनी ऐकलं 'मुंबई'. दोन दिवस सगळे कॅमेरे मरीन ड्राइव्हवर होते. दापोली-मंडणगडची माणसं टीव्हीवर मुंबईची काळजी बघत बसली आणि वादळ त्यांच्या परसात आलं. नकाशावर मार्गाची रेष असते, तिच्या दोन्ही बाजूंना एक शंकू असतो, म्हणजे वादळ जिथे जिथे जाऊ शकतं तो पट्टा. तुमचं गाव त्या शंकूत आहे का, एवढंच बघायचं. रेष कुठून जाते ते बघायचंच नाही.

रेषेची कोणती बाजू वाट्याला आली, हे मात्र वादळ जवळ आल्यावर महत्त्वाचं ठरतं, आणि हे पुस्तिकेत नसतं म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. नैर्ऋत्येकडून येणारं वादळ किनाऱ्यावर चढलं की त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून जमिनीकडे लागतो, उत्तरेकडच्यांना जमिनीकडून समुद्राकडे. म्हणून 'निसर्ग'मध्ये केळशी-आंजर्ले-हर्णैच्या बाजूला समुद्र अंगावर आला, आणि मुंबईला वारा उलटा, जमिनीवरून मिळाला. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण आपल्या डाव्या हाताला असतं. वारा आधी पूर्व-आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्य-पश्चिमेचा होत गेला, तर तुम्ही दक्षिण बाजूला आहात आणि खाडीत पाणी चढणार. पूर्वेचा ईशान्येला आणि तिथून उत्तरेला वळला, तर तुम्ही उत्तर बाजूला आहात. पाण्याचा धोका कमी, झाडांचा तोच. आणि वारा एकाएकी थांबला, आकाश उजळलं, तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने येतो, आणि एका बाजूने सैल झालेली झाडं तेव्हा पडतात.

भरतीचं गणित तुमच्या कोळीवाड्यात म्हाताऱ्यांना येतंच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. 'निसर्ग' आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. ३ जूनला द्वादशी-त्रयोदशी. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला होऊन गेली आणि वादळ दुपारी, ओहोटी लागल्यावर शिरलं. तीन-चार तास आधी आलं असतं तर वादळाने फुगलेलं पाणी उधाणाच्या भरतीवर चढलं असतं आणि खाडीकाठच्या घरांची गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून धडकेची वेळ कळली की पहिला प्रश्न विचारायचा: तेव्हा भरती आहे की ओहोटी? उधाण की भांग (अष्टमीच्या आसपासची कमी भरती)? उत्तर 'उधाणाची भरती' असेल तर खाडीकाठची पहिल्या दोन रांगांतली घरं रिकामी करायची, छप्पर कितीही पक्कं असो. स्लॅबच्या घरातही पाणी शिरतं.

आता नावांची यादी. ती बनवायला एक दिवस पुरतो, आणि तो दिवस आजचा असू शकतो. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि प्रत्येक वाडीतला एक तरणा माणूस एकत्र बसवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेले, येत्या महिन्यात बाळंत होणाऱ्या, इन्सुलिन घेणारे, कुडाच्या किंवा पत्र्याच्या घरातले, खाडीलगतचे, आणि बागेत कामाला आलेले परमुलखातले मजूर. शेवटचे नेहमी सुटतात, कारण ते कोणत्याच रेशन कार्डावर नसतात. सतराशेच्या गावात अशी दीड-दोनशे नावं निघतात. प्रत्येकासमोर शेजारच्याचं नाव लिहा. शेजारीच हवा, तरुण मंडळाचा अध्यक्ष नको. अध्यक्षाला त्या दिवशी चाळीस फोन असतात.

ओडिशाने हे करून दाखवलंय. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये 'फायलिन' गोपाळपूरजवळ धडकलं, तेही भीषण होतं, पण मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले, इशारे सुधारले, हे तर झालंच. पण प्रत्येक गावात कोणत्या दारावर कोण थाप मारणार, हे ठरलं आणि त्याची तालीम झाली.

थाप मारली तरी माणूस येत नाही, हा तुमचा अनुभव असेल. एका गावात एक आजी हटूनच बसल्या. पाणी त्यांच्या पडवीच्या पायरीला लागेल असं सगळे सांगत होते. सरपंच आले, पोलीस पाटील आले, तलाठी आले. आजी म्हणाल्या, "मी अशी वादळं दहा बघितली." मला वाटलं, भीती घालावी. बरोबरच्या आशाताई शहाण्या होत्या. त्यांनी गोठ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हशीचं काय करायचं ठरवलंयत?" आजी गप्प झाल्या. म्हैस गाभण होती. ती कुठे नेणार, तिला कोण बघणार, हे कोणीच बोललं नव्हतं. दोन पोरांनी म्हैस सोडली, वरच्या वाडीतल्या एकाच्या गोठ्यात नेली, वैरणीचा भारा डोक्यावर घेतला, आणि आजी काही न बोलता काठी घेऊन मागून निघाल्या. तेव्हापासून माझ्या कागदावर माणसाच्या नावापुढे जनावराचा रकाना असतो. जनावर हलवता येत नसेल तर निदान दावं सोडा. गोठ्यात बांधलेलं जनावर छपराखाली मरतं, मोकळं सोडलेलं बहुधा जागा शोधतं.

निवारा. बहुतेक आराखड्यांत शाळा लिहिलेली असते. एका गावात, जूनच्या सुरुवातीला, आम्ही तीस-चाळीस माणसं घेऊन शाळेपाशी पोचलो तर कुलूप. उन्हाळी सुट्टी. किल्ली गुरुजींकडे, आणि गुरुजी त्यांच्या गावी, घाटावर. फोन लागला, पण फोनवरून कुलूप उघडत नाही. शेवटी एकाने पहार आणून कोयंडा उचकटला. आत दोन वर्गांत मोडकी बाकं रचलेली, तिसऱ्यात तांदळाच्या गोणी, आणि संडासात पाण्याचा थेंब नाही. बायकांनी रात्रभर पाणी पिणं टाळलं, जायला लागू नये म्हणून. चक्रीवादळांचे आपले दोन हंगाम, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातल्या मे-जूनमध्ये शाळा बंद आणि दिवाळीतही बंद. तेव्हा दुसरी किल्ली ग्रामपंचायतीत हवी, आणि कोणत्या खिळ्याला टांगलीय ते तिघांना माहीत हवं. २०२० मध्ये तर आणखी एक पेच होता: मुंबईहून आलेली माणसं विलगीकरणासाठी शाळांमध्येच ठेवलेली होती. ठरलेली जागा अशी कधी ना कधी अडलेली असते, म्हणून दुसरी जागाही लिहून ठेवा.

जागा निवडताना छप्पर आधी बघा. स्लॅब हवा. देऊळ कितीही मोठं असलं तरी जुन्या लाकडी छपराचं असेल तर नको. अंगाला लागून आंबा, फणस, वड नको. दोन बाजूंना दारं हवीत, म्हणजे वाऱ्याकडचं बंद ठेवून दुसऱ्याने ये-जा करता येते. गावातल्या चार चांगल्या स्लॅबच्या घरांत पंधरा-पंधरा माणसं वाटणं हे पुष्कळदा एका शाळेपेक्षा बरं पडतं. लोक ओळखीच्या घरात लवकर जातात, चूल असते, संडास असतो. घरमालकांशी आताच बोलून ठेवा. संकटाच्या दिवशी विचारलं तर सून हो म्हणते आणि सासरा नाही.

घरांबद्दल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि 'निसर्ग'चा वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा होता, झोत त्याहून जास्त. पत्र्याचं छप्पर वारा वरून दाबत नाही, खालून उचलतो. पडवीच्या वळचणीखाली शिरतो आणि पत्रा, रिपा, वासे असं सगळं एकदम घेऊन जातो. जुनं कौलारू घर याउलट कौलाकौलाने सुटतं. वारा आत शिरून बाहेर पडतो, घर उभं राहतं. याचा अर्थ सगळ्यांनी कौलं घाला असा नव्हे, माकडांमुळे कौलं गेली हे मलाही ठाऊक आहे. पण पत्रा असेल तर जे-हुकचे नट मे महिन्यात तपासा, कडेच्या रांगांना हुक दाट लावा, वासे भिंतीच्या वरच्या पट्टीला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. पत्र्यावर दगड ठेवायची आपली सवय मात्र सोडा. तो दगड पत्र्याबरोबर उडतो आणि शेजाऱ्याच्या घरात पडतो. वाळूच्या गोणी बऱ्या, त्याही दोरीने एकमेकींना बांधून, छपरावर खोगीर टाकल्यासारख्या. कोळीवाड्यात जुनं जाळं टाकून ते चारी बाजूंनी खुंट्यांना ओढून बांधतात, ते चांगलं काम करतं.

परसातलं काम पावसाळ्याआधीच्या कामांत बसतं, फक्त आठ दिवस आधी करा: नारळ उतरवून घ्या, सुकलेल्या झावळ्या पाडा, घरावर आलेली फांदी कापा. वादळात नारळ तोफगोळ्यासारखा येतो. पोफळीचं काही करता येत नाही. उंच, बारीक, दाट लावलेली. एक पडली की ओळ पडते. श्रीवर्धनची रोठा सुपारी अशीच गेली. तिथे आधी करायचं काम वेगळं आहे आणि ते कोणी करत नाही: बागेचे आणि घराचे फोटो. फोनवर चालत चालत व्हिडिओ घ्या, विहीर किंवा बांध अशी एखादी न हलणारी खूण दिसेल असा, आणि तो मुंबईला कोणाला तरी पाठवून ठेवा. पंचनाम्याला आलेला माणूस पडलेल्या ढिगाऱ्यात झाडं मोजू शकत नाही. आपल्या बागा गुंठ्यांत, सातबारा सामायिक, नावं सतरा. आधीचा व्हिडिओ असला तर निदान भांडण कमी होतं.

होड्यांसाठी मी कोळीवाड्याला शिकवायला जात नाही, ऐकायला जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून 'निसर्ग'च्या वेळी बहुतेक नौका वर होत्या, हे मोठं नशीब. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आलं तेव्हा नौका समुद्रात होत्या. त्याच्या कथा तुमच्या कोळीवाड्यात अजून सांगत असतील. बाहेर असलेल्या नौकेला जवळच्या खाडीत शिरायला सांगायचं, स्वतःच्या बंदराचा हट्ट नको. २०१७ मध्ये 'ओखी'च्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी नौका देवगडला येऊन वाचल्या. त्या खलाशांना मराठी येत नव्हतं, देवगडच्या लोकांनी जेवू घातलं. तेव्हा परक्या नौका तुमच्या खाडीत येणार हेही धरून चाला. खाडीत नौका एकमेकींना खेटून बांधू नका, आणि दोर ताठ ओढू नका. पाणी दोन-तीन हात जास्त चढलं तर ताठ दोर नौकेचं नाक खाली ओढतो. इंजिन, जाळी, डिझेल उतरवून घ्या. आणि एक गोष्ट नाखव्यांकडून, म्हणजे नौकांच्या मालकांकडून, आधी कबूल करून घ्या: रात्री दोर तुटला तर कोणीही नौकेकडे जाणार नाही. गरज पडली तर तटरक्षक दलाचा १५५४, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

इथवर वादळाचे तास झाले. ते फार तर सहा-आठ. गावाची खरी परीक्षा त्यानंतर लागते, आणि तिची तयारीही आदल्या दिवशीच करावी लागते.

वीज जाते ती दोन दिवसांसाठी जात नाही. 'निसर्ग'नंतर किती गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तुम्ही स्वतः काढलेत ते दिवस. आपली नळपाणी योजना विजेवर चालते. टाकी भरलेली असेल तर तीन दिवस, मग काय? एका वाडीत चौथ्या दिवशी सगळे जुन्या विहिरीवर जमले. पाणी काठोकाठ, पण रहाट दहा वर्षांपूर्वीच मोडून काढलेला, कठडा फुटलेला, आणि घरोघरी शोधून दोर एकाकडेच, तोही म्हशीचा. बायका वाकून बादली सोडत होत्या. मला वादळापेक्षा त्या वाकण्याची जास्त भीती वाटली. तुमच्या पाचही वाड्यांतल्या वापरात नसलेल्या विहिरी आताच बघून घ्या: उपसा, रहाट, दोर, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर. खर्च म्हणाल तर फार नाही.

डिझेल जनरेटर असेल तर त्याच्यावर आळीपाळीने पंप चालवता येतो. पण जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा नाही, हे दहा वेळा सांगा. ती वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला महावितरणचा वायरमन मरतो. बंद खोलीत चालवायचा नाही, धूर माणूस मारतो. पडलेली प्रत्येक तार जिवंत समजायची.

फोन. टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल असेल तर डिझेलवर, आणि रस्ता झाडांनी अडला की डिझेलही येत नाही. 'निसर्ग'नंतर मुंबईतल्या लेकरांना गावची खबर चार-चार दिवस नव्हती. इथे आपल्याकडे एक सोय आहे जी दुसऱ्या किनाऱ्यांना नाही: वाडीचं मुंबई मंडळ. तिथला एक माणूस 'खबरीचा' म्हणून नेमा. ज्याला जेव्हा जिथे रेंज मिळेल, त्याने त्या एकालाच फोन करायचा: वाडी अमुक, माणसं ठीक, दोघं जखमी, पत्रे हवेत इतके. बाकी सगळ्या चाकरमान्यांनी त्याला विचारायचं, गावाला फोन लावत बसायचं नाही. शिवाय दोन तरुण चालत तालुक्याला जातील, हेही नावानिशी ठरवा. कोणत्या वाटेने ते आधी ठरवा. गाडीरस्ता बंद असतो, पण डोंगरातली जुनी पायवाट असते आणि ती फक्त गुराख्यांना ठाऊक असते.

रस्ता मोकळा करायला बाहेरून पथक येईल तेव्हा येईल. गावात झाडं कापायचं एक कटर मशीन हवं, ते चालवणारे दोन, आणि त्याचं पेट्रोल कॅनमध्ये. पेट्रोल पंपालाही वीज लागते. एटीएमलाही. म्हणून थोडी रोख रक्कम प्रत्येक घरात, किराणा दुकानदाराकडे सुटे पैसे. इन्सुलिनवाल्यांसाठी मातीच्या माठात ओल्या फडक्यात ठेवायची सोय आशाताईंना विचारून ठेवा.

आणि छपरावर चढायची घाई होऊ देऊ नका. वादळात वाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी ओल्या शेवाळलेल्या वाशावरून पडतात. पुन्हा पाऊस यायच्या आत छप्पर झाकायचं असतं, त्यामुळे 'चढू नका' म्हणून भागत नाही. ताडपत्र्या गावात आधीच आणून ठेवल्या, आणि वाडीतल्या तीन-चार सुतार-गवंड्यांचा गट घरोघर फिरला, तर ज्याला येत नाही त्याला चढावं लागत नाही. म्हाताऱ्यांचं छप्पर पहिलं. हेही कागदावर, नावानिशी.

तुमचा शेवटचा प्रश्न: वादळ आलंच नाही तर? असं होणारच. २०१९ च्या जूनमध्ये 'वायू' गुजरातकडे निघालं होतं, तिथे लाखो माणसं हलवली, आणि ते किनाऱ्याजवळून वळून गेलं. मी गावांना सांगतो की परत पाठवतानाची सकाळ हलवण्याच्या दुपारइतकीच नीट पार पाडा. लोकांना निवाऱ्यात विसरू नका. वादळ कुठे गेलं ते सरपंचाने स्वतः उभं राहून सांगावं, चहा पाजावा, वाहनाची सोय करावी, आणि काय चुकलं ते तिथल्या तिथे विचारावं. लोक चिडतात ते फुकट आल्याबद्दल कमी आणि कोणी काही न सांगता सोडून दिल्याबद्दल जास्त.

त्या म्हशीवाल्या आजींच्या गावात पुढे एकदा असंच झालं. वादळ बाहेरून निघून गेलं, गावात नुसता पाऊस. सकाळी शाळेत मी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का? आजी उठल्या. मला वाटलं, आता झाडतात. त्या म्हणाल्या, "पुढच्या टायमाला दुपारी बोलवा. तुम्ही सांजच्याला आणलंत, धारेची येळ होती." तेव्हापासून कोणत्याही गावाचा कागद करायला बसलो की घड्याळाच्या रकान्यात मी आधी धारेची वेळ विचारून घेतो. तुमच्या गावातली कळवा, म्हणजे आपण बाकीच्या वेळा तिच्या अलीकडे बसवू.